थांबणाऱ्या मुलीची उंचीपट्टी

मी एक जुनी उंचीपट्टी आहे, मित्रांनो. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, पाय मोडलेल्या तीन खुर्च्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी असते. शेजारी एक बंद पडलेला वजनकाटा आहे, पण त्याने बोलणं कधीच सोडून दिलंय. तेव्हा मनातलं सांगायला तुमच्याशिवाय मला कोणी नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो डोळ्याला भिंग लावून एकेक रेघ कोरायचा. एक रेघ केसभर चुकली म्हणून माझ्याआधीची अख्खी पट्टी त्याने जाळून टाकली होती. माझ्यावर त्याने एक सरकती फळी बसवली. ती खाली आणून डोक्यावर टेकवायची आणि काटा दाखवेल तो आकडा वाचायचा, एवढंच माझं काम. मला हार्मोनच्या विकारांच्या विभागात, खिडकीशेजारच्या भिंतीवर बसवलं. तिथे मी बावीस वर्षं उभी होते. शेकडो मुलं आली, पण माझ्याकडे प्रत्येकाने पाठच केली. माझ्यापुढे उभं राहायची रीतच तशी! मी मुलांना ओळखायची ती टाचांवरून, मानेवरून, वेणीच्या गाठीवरून.

माझ्याकडे नीट बघणारी एकच बाई होती. मापं घेणारी सिस्टर. सगळे तिला मिलिमीटरताई म्हणत. ती रोज सकाळी आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, एक मीटर लांबीची धातूची दांडी माझ्यापाशी उभी करायची आणि माझा काटा बरोबर शंभरावर येतो का ते पाहायची. मग वहीत सही करायची. इतर सिस्टर हसायच्या. "अगं, लाकडाची पट्टी आहे ती. रात्रीतून वाढणार आहे का?"

"मुलं वाढतात की नाही ते हिच्यावरून ठरतं," ताई म्हणायची, "मग हिच्याकडे आधी बघायला नको?"

एके वर्षी विभागात मोठा अभ्यास सुरू झाला. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, मित्रांनो. ती वाढीचा हार्मोन तयार करते. काही मुलांमध्ये तो पुरेसा तयार होत नाही आणि मुलं वाढायची थांबतात. तेव्हा त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. एक नवं औषध आलं होतं, रोज टोचून घ्यायचं. ते खरंच काम करतं का, हे कळायला चाळीस मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना औषध लगेच मिळणार होतं आणि अर्ध्यांना एक वर्ष थांबल्यावर. उंची मात्र सगळ्यांची दर तीन महिन्यांनी मोजायची.

त्यांत एक शिंप्याची मुलगी होती. वय नऊ, उंची सहा वर्षांच्या मुलीएवढी. वर्गात तिला सगळे 'अर्धी' म्हणत. तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी गळ्यातल्या टेपशी चाळा करत डॉक्टरांना सांगितलं, "दोन वर्षं झाली, डॉक्टर. वाढत्या अंगाचा म्हणून फ्रॉकच्या खाली कापड मुडपून ठेवलंय. ते उसवायची वेळच आली नाही."

मी तिला मोजलं. एकशे आठ सेंटिमीटर, वर चार मिलिमीटर. चिठ्ठी निघाली ती थांबण्याची.

तीन महिन्यांनी ती जेमतेम आठ मिलिमीटर वाढली होती. सहा महिन्यांनी पुन्हा आठ. औषध घेणारी मुलं भराभर वाढत होती. बाकावर शेजारी बसलेली मुलं एकमेकांना आकडे सांगायची, ही मात्र भिंतीला नाक लावून बसायची. वडील आकडा ऐकायचे, मान हलवायचे आणि तिचा हात धरून मुकाट्याने निघून जायचे.

नवव्या महिन्यात ती माझ्यापुढे उभी राहिली, आणि मला लगेच जाणवलं, काहीतरी बिनसलंय. टाचा मला टेकल्या होत्या, पण पाठ हळूच खाली घसरली. लांब फ्रॉकच्या आत तिने गुडघे वाकवले होते. मला ओरडावंसं वाटलं. पण लाकडाला कुठलं तोंड! फळी खाली आली आणि मी खोटा आकडा दाखवला. एकशे नऊ, वर तीन. आधीच्यापेक्षा सात मिलिमीटर कमी.

मिलिमीटरताईने आकडा वाचला, पण लिहिला नाही. पेन खाली ठेवलं. "काय गं, माणूस म्हातारपणी आखडतो. तुला आत्तापासूनच घाई?"

ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि फ्रॉकवरून तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले. गुडघे अजून वाकलेलेच होते.

"कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणी नाही." मग एकदम बांध फुटला. "मी खूपच कमी भरले तर औषध लवकर द्याल ना? इथून गेलं की बाबा बसमध्ये बोलतच नाहीत. घरी पण नाही. मशीन चालवत बसतात. मी काय मुद्दाम थांबलेय का?"

ताईने तिला रडू दिलं. नंतर तिचं नाक पुसत म्हणाली, "हे बघ, औषध घेणारी मुलं वाढताहेत. पण ती औषधानेच वाढली, हे कशावरून? तुझ्यासारखी वीस जणं औषधाशिवाय थांबली आहेत, त्यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय कळायचं कसं? तुला वाटतं तू नुसती बसून आहेस. अगं, अर्धा अभ्यास तुमच्या खांद्यावर उभा आहे. आणि तू मला खोटी उंची दिलीस, तर तुझ्यामागून येणाऱ्या मुलांना आम्ही काय सांगायचं?"

मग तिने वडिलांना आत बोलावलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "तुम्ही आजही अभ्यासातून बाहेर पडू शकता. कुणी नावं ठेवणार नाही."

वडील मुलीशेजारी खाली बसले. मग मुलीला म्हणाले, "मला वाटायचं, बोललो तर तुलाच लागेल. म्हणून गप्प बसायचो."

"गप्प बसल्यावर जास्त लागतं, बाबा."

त्यांनी डोळे पुसले. "मग तूच सांग. थांबायचं का?"

"तीनच महिने राहिलेत ना?" ती म्हणाली. "थांबते."

ती पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली. या वेळी ताठ. एकशे दहा, वर सात. ताईने पहिला आकडा लिहून खोडला, का खोडला ते शेजारी लिहिलं आणि दुसरा नोंदवला.

वर्ष सरलं आणि तिला औषध सुरू झालं. पुढच्या बारा महिन्यांत ती साडेआठ सेंटिमीटर वाढली. अभ्यासाचा अहवाल निघाला. त्यात मुलांची नावं नव्हती, नुसते आकडे होते. माझ्या वाट्याला एक ओळ आली : 'सर्व मापे एकाच उंचीपट्टीवर घेतली.' ताईने ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली. बावीस वर्षांत माझं झालेलं कौतुक म्हणाल, तर तेवढंच.

पुढे ताई निवृत्त झाली. तिच्या मागोमाग भिंतीवर नवं विजेचं यंत्र आलं. माझे स्क्रू काढले, भोकं बुजवली आणि मला तळघरात आणून ठेवलं. इथे ओल आहे. माझं लाकूड फुगलं, फळीचा सांधा ढिला झाला. आधी मी पावलांचे आवाज मोजत असे. नंतर तेही सोडून दिलं.

मग एका सकाळी दार उघडलं. वरचं यंत्र बंद पडलं होतं. मला कसंबसं पुसून वर नेलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. दांडी कुणी आणली नाही. माझ्यासमोर एक सोळा वर्षांची मुलगी आली. टाचा टेकल्या आणि मी तिला ओळखलं. वाढ पूर्ण झालेल्या मुलांची शेवटची मापं चालू होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी फळी खाली आणली. फळीचं पुढचं टोक लोंबत होतं. ते डोक्याला टेकलं तेव्हा मागचा काटा बराच वर होता.

"एकशे पन्नास, वर चार!"

"दीडशे!" वडिलांनी टाळी वाजवली. केस पिकले होते त्यांचे. "पोरगी वर्षभर हाच आकडा घोकत होती, डॉक्टर!"

मुलगी मात्र हसली नाही. "मोजण्याआधी ही पट्टी तपासली का? मिलिमीटरताई रोज तपासायची."

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. मुलीने फळीला बोट लावलं. फळी डुगडुगली.

"बाबा, परवा तुम्ही माझं माप घेतलंत. दीडशे भरले होते?"

शिंपी खोटं बोलला नाही. "नाही, बाळ."

"मग हे लिहू नका, डॉक्टर. मला दीडशे हवे होते, खूप हवे होते. पण हे माझे नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी ओशाळून कागद बाजूला केला. यंत्र दुपारपर्यंत दुरुस्त होईल, तेव्हा या, म्हणाल्या. बापलेक बोलत बोलत जिन्याकडे गेले आणि शिपायाने मला पुन्हा खाली आणलं.

मित्रांनो, माझं एक ऐका. मोजायची वस्तू अडगळीत टाकून, गरज पडली की तशीच बाहेर काढू नका. तिचे स्क्रू आवळा, तिला कोरडी ठेवा, वापरण्याआधी तपासा. तिच्या एका रेघेवर कुणाचं तरी औषध ठरत असतं. आणि तुमच्या वर्गात कुणी रांगेत सगळ्यात पुढे उभं राहत असेल, तर त्याला उंचीवरून हाक मारू नका. त्याच्याशी बोला. गप्प बसू नका.

दुपारी ती वर उभी राहिली असेल. एकशे एकोणपन्नास भरली असेल, कदाचित अठ्ठेचाळीसच. मला कुणी येऊन सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कोण? पण जो आकडा आला असेल, तो तिने मान ताठ ठेवून ऐकला असेल, एवढं मी या अंधारातूनही सांगू शकते.