लाल रेषेखालचं दुकान

"ही निळी रेषा. पंचवीस वर्षांतून एकदा पाणी इथवर येतं," असं म्हणत माझ्या धाकट्या साडूने सासऱ्यांच्याच कापड आखायच्या खडूने दुकानाच्या भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर रेघ मारली. मग छातीइतक्या उंचीवर दुसरी. "आणि ही लाल. शंभर वर्षांतून एकदाची."

खडू दोन्ही वेळा पांढराच होता. हे फक्त माझ्याच लक्षात आलं.

मामा, म्हणजे आमचे सासरे, शिवणमशीन थांबवून ऐकत होते. माझी बायकोसुद्धा कौतुकाने मान डोलवत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली. माझ्या बोलण्यावर तिची मान एकदाच हलली, तीही डास हाकलायला.

मी पुलावरचा मोजणीदार. नदीतल्या मोजपट्टीवर पाणी किती चढलं ते वाचायचं आणि पाटबंधारे कार्यालयाला कळवायचं, पावसाळ्यात दर तासाला. एकोणीस वर्षं भिजत मी आकडे गोळा केले. साडू त्याच कार्यालयात पंख्याखाली बसून त्यांच्यावरून पूररेषा आखतो आणि शाबासकी घेतो. आयत्या बिळावर नागोबा. मी जळत होतो, हे सरळ कबूल करतो.

"मामा, ही गल्ली पूरमैदानात येते," साडू म्हणाला. "म्हणजे नदीचंच अंगण. ती कधीही पाय पसरणार. यंदाचा पावसाळा आमच्याकडे काढा."

सगळे निघाल्यावर मामांनी मला थांबवलं. दरवर्षी पावसाळ्याआधी ते मलाच विचारत.

"जावईबापू, नदी तुम्ही रोज बघता. तुमचं काय म्हणणं?"

सहा वर्षांपूर्वी त्याच भिंतीवर छातीपर्यंत पाणी चढलं होतं. मी म्हणालो, "शंभर वर्षांतला पूर येऊन गेला की, मामा. आता चौऱ्याण्णव वर्षं निवांत शिवा."

मामा खूश झाले. मी सांगितलं ते खोटं होतं आणि मला ते ठाऊक होतं. शंभरातून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता, काल आला म्हणून उद्या येणार नाही असं नाही, हे साडूनेच मला कधी तरी समजावलं होतं. तेव्हाही मी "माहीत आहे हो" म्हणून त्याला उडवून लावलं होतं.

भर पावसाळ्यात एका सकाळी पाण्याने इशारा पातळी गाठली आणि अकरा वाजता धोका पातळी ओलांडली. वरच्या धरणातून आणखी पाणी सोडल्याचा निरोप आला. मला मोजपट्टी सोडता येईना. शेवटी साडूला फोन लावला आणि मामांना बाहेर काढायला सांगितलं. तो काही न विचारता निघाला.

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "दादा, मामा हलत नाहीत. गुडघाभर पाण्यात मशीन धरून बसलेत. म्हणतात, थोरले म्हणालेत, इतकं पाणी चढायचं नाही. तुम्हीच बोला."

धरणामुळे अंदाज चुकला, असं सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मग 'ओसरेल आता' म्हणत मामा बसून राहिले असते.

"मामा," मी म्हणालो, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. चुकून नाही, जाणूनबुजून. धाकट्यांचं कौतुक मला बघवलं नाही. ते म्हणाले तेच खरं आहे. त्यांच्याबरोबर निघा."

 मामा "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

बाराचा आकडा मी वेळेवर कळवला. आकडा बरोबर होता.

मामा सुखरूप आहेत. मशीन गेलं, आता ते साडूकडेच राहतात. आम्ही गेलो की माझी आपुलकीने चौकशी करतात. गुडघा दुखतो का, मुलीचं कॉलेज कसं चाललंय. त्या दिवसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला नाही.

परवा आम्ही तिथे असताना ढग दाटून आले. मामा खिडकीपाशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. मी हातभर अंतरावर चहा घेत बसलो होतो.

"धाकटे घरी आले," ते माझ्या बायकोला म्हणाले, "की नदीचं विचारू."