सोइलाच्या गुलाबाचा डोळा

आमच्या पाताते गावात दोन्या सोइलाकडे, म्हणजे सोइलाबाईंकडे, एक गर्द केशरी गुलाब होता. त्याचं कलम तिनं कधी कुणाला दिलं नाही. बिशप आले, त्यांनाही फूल मिळालं, फांदी नाही.

एका वर्षी त्याच्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा उमटल्या. जवळच्या ज्वालामुखीची राख असेल म्हणून सोइला ओल्या फडक्यानं पानं पुसत बसली. रेघा हटेनात, तेव्हा शेतकी शिकलेल्या भाचीला, नार्सिसाला, बोलावणं गेलं.

"आत्या, हा विषाणू आहे. औषध नाही याला. जुनं झाड वाळताना तू त्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर भरलास ना? तो खुंटच रोगट होता."

तेवढ्यात शेजारचा आब्दोन हातात तसंच रेघांचं पान घेऊन तावातावानं आत आला.

"दोन्या, तुमचा रोग भिंतीवरून माझ्याकडे आला. काल वारा केवढा होता."

"वाऱ्यानं येत नाही हा," नार्सिसा म्हणाली. "कलमातूनच येतो."

आब्दोननं पान खिशात घातलं. सोइला शांतपणे खुर्चीवर बसली.

"कधी नेलास डोळा?"

"तुम्ही प्रार्थनेला गेला होतात तेव्हा."

"कुठल्या?"

"ईस्टरच्या."

"ईस्टरच्या," सोइला म्हणाली. "बरं."

"मी एकटा आहे का? तुमच्या नणंदेनं तर जुन्या झाडावरूनच नेलाय."

"जुन्या?" नार्सिसा उठलीच. "आत्या, म्हणजे एउदोसियाबाईंचं झाड निरोगी असणार."

तसंच निघालं. हिरवीगार पानं, फुलांनी वाकलेलं झाड. नार्सिसानं दोन्ही रोगट झाडं मुळासकट उपटली, रोपवाटिकेतून तपासलेला खुंट आणला, आणि सोइला बारा वर्षांत पहिल्यांदा नणंदेच्या दारात गेली.

एउदोसियानं बसवून घेतलं. भोपळ्याच्या गरम आरेपा, पानात भाजलेल्या गोड भाकऱ्या, वाढल्या, आणि त्या संपेपर्यंत गुलाबाची निगा कशी राखावी ते समजावलं.

"पाणी बेतानं घाल हं, वहिनी. नाजूक जात आहे."

"हो," सोइला म्हणाली.

"आणि खुंट बघून घेत जा."

"हो."

डोळा ओल्या कापडात गुंडाळून मिळाला. तो जगला, पुढच्या हंगामात फुललाही. बघायला आलेल्या प्रत्येकाला एउदोसिया सांगायची, "माझ्याकडचा आहे. वहिनीला मीच दिला." सोइला शेजारी उभी राहून सगळ्यांना कॉफी ओतायची.