बाईंच्या वाटणीची सुतळी

"मध्ये एक शब्द जरी बोललात ना, तर आज घरी येऊ नका," असं नवऱ्याला बजावून बाई रेकॉर्डिंगच्या खोलीत गेल्या आणि काचेचं दार लावून घेतलं. आता आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येण्याची सोय नव्हती.

नवरा, म्हणजे संस्थेचे खजिनदार, सुतळ्यांचा गुंता हातात घेऊन बाहेर उभे राहिले. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि घरपोच पाठवायची, एवढंच काम करणारी ही लहानशी संस्था. वाचणार बाई, हिशेब बघणार बाईंचे यजमान. बजेट दरवर्षी यांनी दार लावून करायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. मग कुणीतरी कुजबुजलंच, "बाईंची खोली कशाला बंद पडतेय? तिजोरी घरातच आहे!" ते बाईंच्या कानावर गेलं. अंथरूण धरलं नाही एवढंच! हल्ली मशीन स्वस्तात पुस्तकं वाचून देत असताना आपल्याला ठेवलंय ते आपल्यासाठी की नवऱ्याकडे बघून, हे त्यांना एकदाचं कळायला हवं होतं. यंदा बजेट ऐकणाऱ्यांनीच करायचं, हा हट्ट त्यांचाच.

आता टेबलाभोवती जमलेल्या या ऐकणाऱ्या मंडळींपुढे आकड्यांचा कागद ठेवून काय उपयोग? खजिनदारांनी डोकं लढवलं. टेबलाची लांबी म्हणजे वर्षाचे पैसे, आणि प्रत्येक खर्चाची त्या मानानं सुतळी. भाड्याच्या सुतळीला किल्ली बांधलेली, टपालाच्या सुतळीला पाकीट, रेकॉर्डिंगच्या सुतळीला बाईंचा जुना हेडफोन. मंडळींनी सुतळ्या चाचपून एकापुढे एक मांडल्या, तर शेवटची चांगली हातभर टेबलाखाली लोंबायला लागली.

"कुठंतरी कापायला हवी," टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेले काका म्हणाले.

"हेडफोनवाली कापा," वकिली शिकणारी पोरगी फटकन बोलली. "बाई वाचतात गोड, पण त्यांच्या चालीनं कायद्याचं पुस्तक संपेपर्यंत मी म्हातारी होईन. मला मशीनच बरं."

खजिनदारांनी काचेकडे बघितलं.

"आणि खुनाच्या गोष्टीही मशीनलाच द्या बुवा," काका म्हणाले. "खुनी आला रे आला की बाईंचा आवाज जड होतो. दुसऱ्या पानाला आरोपी हजर!"

सगळे खो-खो हसले. कुणीतरी "अगदी, अगदी!" म्हणत टेबल बडवलं. खजिनदारांनी जीभ दाताखाली धरली. काचेपलीकडे बाई उभ्या होत्या. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं. आपला हेडफोन या हातातून त्या हातात गेला आणि सुतळीवर कात्री चालली, एवढंच दिसलं. त्या पाठ फिरवून बसल्या.

"बस्स!" काकांनी हेडफोन स्वतःकडे ओढला. "उरलेलीला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. बायको गेल्यापासून माझ्या घरात चिटपाखरू नाही. बाई वाचता वाचता थांबतात, पाणी पितात, पेला खाली ठेवतात. तो आवाज आला की वाटतं, घरात कुणीतरी आहे. मशीनला तहान लागते का?"

पोरीनंच चाचपडत वार्षिक सभेच्या जेवणाची सुतळी शोधली. "चहा-बिस्किटांवर भागवू," ती म्हणाली आणि तिनं ती कापली. टेबलाखाली आता काही लोंबत नव्हतं.

खजिनदारांनी काचेचं दार उघडलं.

"तुम्ही काही बोललात?" बाईंनी आधी हेच विचारलं.

"तूच माझं तोंड शिवून ठेवलं होतंस की."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कायद्याची पुस्तकं गेली, खुनाच्या गोष्टी गेल्या.

"दुसऱ्या पानाला?" बाई खवळल्या आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पेल्याचं ऐकल्यावर मात्र त्यांनी शेजारचा पेला उचलून उगाच पदरानं पुसला. त्यांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"जा आता. मला काम आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडलं, माइक सुरू केला. पानभर वाचून झाल्यावर थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पेला जरा जोरातच खाली ठेवला.