थॉर्नली हॉलची शेवटची मुलगी

“हे घर मुळात इथलं नाही,” रेणूने सुरुवात केली आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पाहुणे माना वर करून छताच्या काळ्या तुळया बघत होते. तिने चोरून मेसेज वाचला. नवऱ्याचा, संजयचा होता. ‘कपातीत माझंही नाव आलं. लॅपटॉप लॉक झाला.’

संजयच्या नोकरीवर त्याचा व्हिसा होता, त्याच्या व्हिसावर तिचा आणि मुलाचा, ईशानचा. नागपुरात ती आर्किटेक्ट होती. इथे नवऱ्यावर अवलंबून असलेली, डिपेंडंट म्हणून पगाराचं काम करता येत नसे, तेव्हा न्यू जर्सीतल्या टेकडीवरच्या या इंग्लिश घराची ती बिनपगारी गाइड झाली होती.

“एक मिनिट हं,” म्हणत ती दाराआड गेली. रिंग वाजत राहिली. “उचल ना रे!” ती पुटपुटली. संजय चिडला, ओरडला असता तर तिला चाललं असतं. तो गप्प झाला की तिला धास्ती वाटायची. आणि अशा मनःस्थितीत तो हायवेवर गाडी चालवत असला तर?

परत येऊन तिने सांगायला घेतलं. थॉर्नली घराणं लोकरीच्या व्यापारात वर आलं, इंग्लंडमध्ये त्यांनी हे घर बांधलं आणि पिढ्यान् पिढ्या ते तिथे नांदले. पहिल्या महायुद्धात दोन्ही मुलगे गेले, बाप खचला. शेवटी एका अमेरिकन साबण कारखानदाराने घर विकत घेतलं, दगड न् दगड सुटा केला आणि जहाजाने इकडे आणून घर पुन्हा उभं केलं.

“घराबरोबर एडिथही आली. थॉर्नलींची शेवटची मुलगी. तिला दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. जिथे मालकीण म्हणून वाढली, तिथेच हाऊसकीपर म्हणून राहिली.”

जिन्यात तिने पुन्हा फोन लावला. उत्तर नाही. वरच्या दालनात तिने थोरल्या मुलाच्या जागी धाकट्याचं नाव सांगितलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

स्वयंपाकघरात पोचल्यावर तिने माणसं नीट आत आली का पाहिलं, आणि सगळ्यांच्या मागे संजय दिसला. ऑफिसचाच शर्ट, हातात तिकीट. इतक्या वर्षांत तो इथे एकदाही आला नव्हता. ‘वीकेंडला बघू’ म्हणायचा.

एडिथ इंग्लंडहून येऊन इथेच राबली, असं तिने सांगितलं, तेव्हा त्याने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. इंग्रजीत विचारलं, “ती कधी परत गेली का?”

“एकदा गेली. घराच्या जागी मेंढ्या चरत होत्या. ते बघून परत आली.”

“मग तिचं घर कोणतं म्हणायचं?” एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

या प्रश्नाचं ठरलेलं, गोड उत्तर रेणूला पाठ होतं. ती म्हणाली, “मला नाही माहीत.”

पाहुणे बागेत गेले.

“फोन का नाही उचललास?”

“उचलला असता तर बोलावं लागलं असतं.” संजय दोरी ओलांडून भिंतीलगतच्या जुन्या बाकावर बसला. “घरी जाता येईना, यार. ईशान विचारेल, बाबा लवकर कसे? म्हटलं, तू कुठे असतेस ते तरी बघावं.”

“काहीतरी सांगू त्याला. दोघं मिळून सांगू.”

त्याने तिकिटाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

त्या बाकावर कुणी बसायचं नव्हतं. तशी पाटीच होती. रोज कुणा ना कुणाला ती नम्रपणे उठवायची. तिने दोरी सरकवली आणि त्याच्या शेजारी बसली. पलीकडच्या दालनात पुढच्या गटाची पावलं वाजू लागली, तरी दोघं उठली नाहीत.