मॅडम नदीत पडल्या त्याची गोष्ट

दचकू नका, मी फासा बोलतोय. लुडोतला नव्हे हो! त्या बिचाऱ्याला सहाच बाजू. मला चांगल्या वीस आहेत, आणि कुठली वर येईल ते माझं मलाही ठाऊक नसतं.

आमची कंपनी गोष्टींचे खेळ बनवते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. कुणी सरदार होतो, कुणी चोर, कुणी जादूगार. आमची लेखिका ताई गोष्ट सांगते आणि कुणी धाडस करायचं म्हटलं की मला टाकायचं. मोठा आकडा आला तर फत्ते, लहान आला तर फजिती. नवी गोष्ट छापायला जाण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यांनी ती या गोल टेबलावर खेळून बघायची, हा जुन्या मालकांनी घातलेला रिवाज. गोदाम सांभाळणारे मामासुद्धा खेळायचे. कंटाळा आला की ते सरळ जांभई द्यायचे, आणि ताई तेवढा भाग मुकाट्याने पुन्हा लिहायची.

मग मालक थकले आणि त्यांनी कंपनी एका बड्या खेळणीवाल्याला विकली. तेव्हापासून साहेब बदलण्याचं जे सत्र सुरू झालं, विचारू नका! पहिले साहेब आधी साबण विकायचे. ते आम्हालाही साबणच समजले. दुसऱ्यांनी भिंतींना नवा रंग दिला. तो वाळायच्या आत त्यांची उचलबांगडी झाली.

तिसऱ्या आल्या मॅडम. हुशार बाई, पण वरून सारखा फोन: माल लवकर काढा, माणसं कमी करा. त्यांनी फर्मान काढलं, "खेळून बघण्यात फार वेळ जातो. सोमवारपासून टेबल बंद. गोष्टी लिहिणं, तपासणं, गोदामाचा हिशेब, सगळं कॉम्प्युटर करेल." म्हणजे ताईची नोकरी गेली आणि मामांचीही.

ताई भांडली नाही. "मॅडम, ही शेवटची गोष्ट तरी रिवाजाने जाऊ द्या. तुम्हीही बसा," एवढंच म्हणाली.

मॅडम घड्याळ बघत बसल्या. त्या झाल्या सरदार. पुढ्यात फुगलेली नदी.

मामा म्हणाले, "सरदार, आधी उतार शोधू या, कमी पाण्याची जागा."

"वेळ नाही," म्हणत मॅडमनी घोडा पाण्यात घातला आणि मला टाकलं. मी गडगडलो, चहाच्या कपावर आपटलो आणि थांबलो. एक!

मॅडमचा सहायक घाईघाईने म्हणाला, "हात निसटला मॅडम, पुन्हा टाका." साहेबलोकांना हीच सवय. दान मनासारखं पडलं नाही की पुन्हा टाकायचं.

"पुन्हा नाही," ताई म्हणाली. "तुम्ही पडलात, मॅडम."

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बरं, पडले. मग? पुढे काय होतं?"

ताई सांगू लागली. नाकातोंडात पाणी जातंय, घोडा वाहून गेला... तेवढ्यात मामा अर्धे उठलेच. "थांबा! मी दोर टाकतो!"

"तुम्ही?" मॅडम गोंधळल्या. "अहो, मी तर तुम्हाला काढून टाकतेय."

"ते सोमवारी हो!" मामा ओरडले. "आत्ता दोर धरा!"

मॅडम अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. वरचा फोन वाजत राहिला, त्यांनी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी फर्मान मागे घेतलं. वरच्यांना ते मुळीच रुचलं नाही, आणि लवकरच मॅडमनाच नारळ मिळाला.

टेबल अजून आहे. उद्या चौथे साहेब येतायत, आणि त्याबद्दल ऐकून त्यांनी म्हणे आत्ताच नाक मुरडलंय. साहेब, माझी एकच विनवणी आहे. काय ठरवायचं ते ठरवा, पण आधी एकदा या टेबलाशी बसा. मला मुठीत घ्या. तुमच्या मनासारखाच पडेन असं वचन तेवढं मागू नका. ते मी मॅडमनाही दिलं नव्हतं, आणि त्या दर रविवारी खेळायला येतात.