चार नंबरचं मशीन

एका विमा कंपनीने भंगारात काढलेले चौदा कॉम्प्युटर वाचनालयाला मिळाले, तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावलं. मी निवृत्त मेकॅनिक, म्हणजे घरी नकोसा आणि बाहेर फुकट उपलब्ध. पाच मशीनं उघडून त्यांचे भाग बाकीच्यांना बसवले, नऊ उभी केली आणि त्यांत मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घातलं. "फुकटचं आहे, नीट चालेल ना?" असं अध्यक्षांनी तीनदा विचारलं. माझ्याबद्दल मात्र त्यांना हा प्रश्न एकदाही पडला नाही.

माझी खरी कारागिरी वेगळीच होती. सार्वजनिक मशीन म्हटलं की कुणी बँकेचे कागद उघडे टाकून जाणार, कुणी घरची पत्रं. म्हणून मी अशी व्यवस्था केली की मशीन बंद झालं की दिवसभराचं सगळं पुसलं जावं, पुन्हा कुणाच्या बापाला सापडू नये. प्रत्येक स्क्रीनखाली चिठ्ठीही डकवली: 'बंद होताच सर्व मजकूर पुसला जाईल.' मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

चार नंबरवर रोज एक सिस्टर येऊन बसायच्या. बावीस वर्षं इस्पितळात नोकरी केलेल्या आणि चुकीचं इंजेक्शन दिलं म्हणून काढलेल्या. त्यांचं म्हणणं, औषध डॉक्टरांनीच तोंडी सांगितलं होतं. परत कामावर घ्यावं म्हणून शेवटचं अपील करायचं होतं, मुदत शुक्रवारपर्यंत. ड्यूटीवर कोण होतं, किती वाजता कोण काय बोललं, हे सगळं जुन्या चिठ्ठ्यांवरून त्या दोन बोटांनी टाईप करायच्या. टाईप झालेली चिठ्ठी लगेच फाडून टोपलीत. घरी नवऱ्याने बजावलं होतं, "ती रद्दी मला पुन्हा दिसता कामा नये."

माझी सूचना त्यांनी पहिल्या दिवशी वाचली होती, घाबरल्याही होत्या. पण दुसऱ्या दिवशी मजकूर जागच्या जागी. तिसऱ्या दिवशीही. मग त्यांनी तिला 'येथे थुंकू नये' एवढीच किंमत दिली.

मजकूर राहत होता तो ग्रंथपाल बाईंमुळे. बाई संध्याकाळी नऊ स्क्रीनची नऊ बटणं दाबायच्या, काचा काळ्या झाल्या की दाराला कुलूप. खालचे डबे, म्हणजे खरी मशीनं, तीन आठवडे चालूच होती.

बुधवारी सकाळी मी पंख्यांची धूळ काढायला गेलो. वाचनालय नुकतंच उघडलं होतं, आणि डब्याला हात लावतो तर गरम. माझं डोकं फिरलं.

"बाई, काच बंद केली म्हणजे मशीन बंद होतं का? डोळे मिटले म्हणजे माणूस मेला का?"

"मला कुणी दाखवलंच नाही हो, काका."

खरं होतं. एवढं कुणाला येत नसेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. चूक माझीच, म्हणून मी आणखीच चिडलो आणि त्यांच्यादेखत एकेक मशीन बंद करत सुटलो.

"चार नंबर राहू द्या," बाई म्हणाल्या. "सिस्टरचं लिखाण आहे त्यात."

"सूचना लावलीय ना? मग वाचायची."

स्क्रीन लावली तर मजकूर उघडाच होता. एक ओळ मी वाचलीसुद्धा: 'डॉक्टर शेजारीच उभे होते.' आणि मशीन बंद केलं.

सिस्टर दहाला आल्या. कोरी स्क्रीन बघून त्यांना वाटलं, आपण भलत्याच मशीनवर बसलो. त्यांनी वरचा आकडा पुन्हा पाहिला. मग उठून टोपलीपाशी गेल्या. टोपली रोज रिकामी व्हायची.

दुपारपर्यंत मी खटपट केली. सापडणार कसं? सापडू नये असंच तर मी केलं होतं.

तेवढ्यात सिस्टरचं लिखाण गेल्याचं ऐकून अध्यक्ष आले आणि थेट बाईंवर घसरले. "काकांनी रक्ताचं पाणी करून हे उभं केलं, आणि तुम्हाला साधं सांभाळता येत नाही?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एक स्क्रू आवळत होतो, आधीच घट्ट असलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला कळत होतं, पण तोंडातून ब्र निघाला नाही. सहासष्टाव्या वर्षी लोक मला पहिल्यांदाच तज्ज्ञ म्हणत होते. ते जाईल याची भीती वाटली, दुसरं काही नाही. बाईंना मेमो मिळाला.

शुक्रवारी सिस्टरनी हाताने लिहिलेली दोन पानं नेऊन दिली. दीड महिन्याने उत्तर आलं: पुरेशा तपशिलाअभावी अपील फेटाळण्यात येत आहे.

त्या अजून येतात, पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती बघायला. मशीनांकडे पाठ करून बसतात. परवा मी धीर करून समोरची खुर्ची ओढली.

"सिस्टर, त्या दिवशी मशीन मी बंद केलं होतं. बाईंनी नाही."

"माहीत आहे. बाईंनी त्याच दिवशी सांगितलं." त्यांनी पान उलटलं. "माझ्या अर्जात तरी दुसरं काय होतं, काका? डॉक्टर शेजारीच उभे होते आणि काही बोलले नाहीत, एवढंच."

मी खुर्ची मागे सरकवली. म्हटलं, आता उठावं.

"बाईंचा मेमो रद्द झाला का?" त्यांनी विचारलं.

झाला नव्हता. मी अजून अध्यक्षांकडे गेलोच नव्हतो.