वेस्ता कुठं पुरला

चैत्र उतरणीला लागला होता. सातपुड्याच्या तप्त पाषाणउतारांवर पळसाची अग्निफुले गळून काळी पडली होती, आणि तापधवल आभाळ कोरड्या नदीवर कफनासारखे ताणले होते. त्या आभाळाखाली एक मांडव होता. मांडवात माफी मागायला आलेले राज्य होते.

अडतीस वर्षांपूर्वी याच काठावर, वनजमीन मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. अकरा देह पोलिसांच्या गाडीतून गेले. परत आलेच नाहीत. त्यांतला एक वेस्ता. रुमलीबाईचा लेक. एकोणीस वर्षांचा, सागासारखा सरळ.

विभावरी दुःखाची अभ्यासक. राज्ये क्षमा कशी मागतात, समाज स्मरण कसे राखतो, यावरचा तिचा प्रबंध विद्यापीठात नावाजलेला. सात वर्षे रुमलीबाईच्या अंगणात बसून तिने ती वेदना शब्दशब्द टिपली होती. आज हात धरून तिनेच म्हातारीला मंचावर चढवले.

मंत्री वाचू लागले. घनगंभीर स्वर, मखमली शब्द. "हे दुःख कोणा एकाचे नाही. ही आपल्या सामूहिक स्मृतीची जखम आहे."

 वाक्य विभावरीचे होते.

"तुमच्याच प्रबंधातलं घेतलं, मॅडम," शेजारचा अधिकारी कौतुकाने कुजबुजला. "फार सोयीचं आहे. कुणाचं नाव घ्यावं लागत नाही."

टाळ्या कोसळल्या. त्या विरल्या तेव्हा रुमलीबाई माइकपाशी उभी होती.

"माफी दिली, साहेब. आता माझा वेस्ता कुठं पुरला, तेवढं सांगा."

मंत्र्यांनी अधिकाऱ्याकडे पाहिले. अधिकाऱ्याने कागदाकडे. कागद कोरड्या वाऱ्यात फडफडला, आणि कुणीतरी घाईघाईने सनई लावली.

सनईच्या त्या मंगल, निर्लज्ज सुरांत म्हातारी वळली. "पोरी, तू तर सगळं लिवलंस. तुला ठावं असंल."

विभावरीपाशी चारशे पाने होती. तिने त्या शोकाचे पदर उलगडले होते, अर्थ लावले होते, त्याला सुंदर नावे दिली होती. वेस्ताला शोधायला मात्र ती एकाही कचेरीची पायरी चढली नव्हती.

"नाही, आजी."

 मंच उतरून रुमलीबाई नदीकाठी गेली, वाकली, आणि तिने वहाणा काढल्या.

"आजी, पाय भाजतील!"

"हितंच कुठं असला तर?"

आणि ती चालू लागली. तव्यासारख्या तापल्या वाळूवरून, निजलेल्या लेकराच्या उशाशी चालावे तशी. हलके पाऊल, मग थांबणे, मग पुन्हा हलके पाऊल. पांढऱ्या, पसरलेल्या, मुक्या वाळूवर.